दगडाला रंग चढतो कसा?

चुन्याची सफेदी ओली असताना जवळजवळ दिसत नाही. कुंचला फिरवून झाल्यावर वाटतं, भिंतीला नुसतं पाणीच लागलंय. मग ती वाळायला लागते आणि पांढरेपणा हळूहळू उमटत जातो. पुढचे काही आठवडे ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहते. शेवटी जे उरतं, ते रसायनशास्त्राच्या हिशेबाने चुनखडीच असतं. म्हणजे आपण दगडावर दगडच चढवलेला असतो, तोही कुंचल्याने!

अमेरिकेत, विशेषतः १९५० ते १९७० च्या दशकांत बांधलेल्या घरांमध्ये, दिवाणखान्याची अख्खी भिंत दगडी फायरप्लेसने व्यापलेली अनेकदा दिसते. नदीतले गोटे, शेतात निघालेले धोंडे, चुनखडी, वालुकाश्म, स्लेट, ग्रॅनाइट. त्या भागात जे मिळालं ते रचलेलं. वर्षानुवर्षांच्या धुराने ती काळवंडलेली असते. असं घर घेतलेली मराठी कुटुंबंही तिच्यासमोर उभी राहतात आणि म्हणतात, हिला पांढरा मारून टाकू. शनिवार-रविवारचं काम. डबा आणायचा, दोन हात मारायचे.

पण त्या दोन हातांच्या खाली किती काय दडलंय! प्राचीन समुद्रातले शंख, विदर्भातल्या पळसावर वाढणारा एक कीटक, बव्हेरियातल्या एका संशोधकाचं पेटंट आणि उष्णतेचं भौतिकशास्त्र. कुठला रंग टिकेल आणि कुठला पापुद्रे होऊन गळेल, याचा निकाल डब्यावरची छटा देत नाही. तो दगड देतो.

दगड पाणी पितो

दगड भरीव दिसतो, पण बहुतेक दगडांत बारीक पोकळ्या असतात. ग्रॅनाइटमध्ये त्या एकूण आकारमानाच्या एक टक्क्याहूनही कमी असू शकतात. वालुकाश्मात दहा-वीस टक्के सहज सापडतात. वालुकाश्म त्या बाबतीत आपल्या मातीच्या माठासारखा आहे, वरून घट्ट आणि आतून पाझरणारा. शिवाय पोकळी जितकी अरुंद, तितकी ती द्रव जास्त जोराने ओढते. त्यामुळे रंगातलं पाणी कुठे आणि किती वेगाने जाणार, हे रंगाऱ्याच्या हातात कमी आणि या पोकळ्यांच्या हातात जास्त असतं.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दगडावर पाण्याचा थेंब सोडा. तो जिरला आणि तिथे गडद डाग पडला, तर दगड सच्छिद्र आहे. थेंब गोल राहून घरंगळला, तर दगड घट्ट आहे किंवा त्यावर पूर्वी कुणी सीलर मारलेला आहे.

दुसरी परीक्षा व्हिनेगरची. एखाद्या झाकल्या कोपऱ्यात थेंब टाका. बुडबुडे आले तर दगड चुनखडीच्या किंवा संगमरवराच्या जातीचा. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. चुनखडी बहुतांशी समुद्री जिवांच्या शंख-शिंपल्यांच्या साठ्यातून बनते. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या जिवाने आपल्या कवचात बांधून ठेवलेला वायू त्या थेंबासरशी तुमच्या दिवाणखान्यात मोकळा होतो. झाकला कोपरा एवढ्यासाठी की आम्ल असा दगड खातं. म्हणूनच अशा फायरप्लेसवर आम्लाचं क्लीनर कधी वापरू नये.

तिसरी परीक्षा नुसत्या नजरेची. एकाच आकाराचा ‘दगड’ भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसला, तर तो दगडच नव्हे. सिमेंटमध्ये हलकी खडी आणि लोहाचे रंग मिसळून साच्यात ओतलेला तो तुकडा असतो. अमेरिकेत असे पुष्कळ आहेत. रंगाच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे, कारण सिमेंट रंग छान धरतं.

आगीने आधीच रंगवलेली भिंत

ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तापून उजळलेल्या कार्बनच्या कणांमुळे. त्यातले जे कण पूर्ण न जळता सटकतात, तीच काजळी. यातला मूळ कण काही दशक नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजाराहून जास्त कण एका रांगेत मावतील. इतकी बारीक पूड दगडाच्या पोकळ्यांत शिरली नाही तरच नवल.

गंमत अशी की हीच काजळी जगातल्या सर्वांत जुन्या काळ्या रंगांपैकी एक आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला काळा रंग काजळीचाच आहे. तेव्हा फायरप्लेस रंगवायला निघालेल्या माणसाने ध्यानात घ्यावं, की आग हे काम त्याच्या आधी कित्येक वर्षं करत आली आहे, आणि तेही उत्तम प्रतीचा रंग वापरून.

म्हणून साफसफाई आधी कोरडी करायची. ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने सुटी काजळी ओढून घ्यायची, मग कोरड्या रबरी स्पंजने पुसायची. ओलं फडकं, साबणाचं पाणी हे सगळं त्यानंतर. पहिल्याच फटक्यात ओलं फडकं फिरवलं तर काजळी आणखी आत ढकलली जाते.

काजळीबरोबर लाकडाच्या धुरातला डांबरासारखा चिकट अंशही दगडात मुरलेला असतो. त्यावर पाण्यातला रंग मारला की चार-आठ दिवसांनी पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी डाग वर येतात. रंगातलं पाणी आतले विरघळणारे पदार्थ सोबत घेतं, पृष्ठभागापर्यंत आणतं आणि स्वतः उडून जातं. डाग तेवढा मागे राहतो. आणखी एक हात मारला, तर तोही डागाळतो.

यावर अमेरिकन रंगारी ज्या प्रायमरवर भरवसा ठेवतो, त्याचं मूळ भारतातल्या जंगलात आहे. लाखेचा कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. हे कवच खरवडून, शुद्ध करून चपडी लाख बनते. जुने सुतार लाकडाला पॉलिश करतात ती हीच, आणि एके काळी ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या बनायच्या त्याही हिच्यापासूनच. विल्यम झिन्सर या जर्मन स्थलांतरिताने १८४९ मध्ये न्यूयॉर्कला लाख शुद्ध करण्याचा धंदा काढला. ते नाव आजही अमेरिकन दुकानांत प्रायमरच्या डब्यांवर दिसतं.

लाख पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. भिंतीवर लावली की अल्कोहोल झपाट्याने उडतं आणि मागे जो पातळ पडदा राहतो, त्यातून डांबर वर येऊ शकत नाही. विदर्भातल्या जंगलपट्ट्यातही लाख गोळा होते. तिथल्या पळसावरचा तो इवला कीटक आणि हजारो मैलांवरच्या दिवाणखान्यातली पांढरी भिंत, यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे. मात्र एक पथ्य आहे. लाख साधारण ७५ अंश सेल्सियसला मऊ पडते. तेव्हा प्रत्यक्ष आग पेटते त्या खणात आणि त्याच्या अगदी काठावर तिला जागा नाही.

दगड होणारा रंग

आता पुन्हा चुन्याकडे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की फसफसतो आणि इतका तापतो की पाण्याला उकळी फुटते. थंड झाल्यावर मिळतं ते चुन्याचं दाट पांढरं लोणी. हेच पाण्यात पातळ करून भिंतीला लावलं की चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो. जेवढा वायू भट्टीत गेला, तेवढाच. वर्तुळ पूर्ण होतं आणि भिंतीवर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्याच खनिजाचे, सूक्ष्म स्फटिक धरतात.

ओला चुना पारदर्शक का दिसतो, याचं उत्तर प्रकाशाच्या वळण्यात आहे. चुन्याचे कण आणि त्यांच्यामधलं पाणी प्रकाशाला वळवण्याच्या बाबतीत एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो आणि मागचा दगड दिसतो. पाणी उडालं की कणांमधली जागा हवा घेते. आता कण आणि हवा यांच्यातला फरक मोठा असतो. प्रकाश प्रत्येक सीमेवर उधळला जातो आणि आपल्याला पांढरं दिसू लागतं. कॅल्साइटचा एक गुण म्हणजे तो शिरणाऱ्या किरणाचे दोन किरण करतो. सफेदी केलेल्या भिंतीला जी मऊ झळाळी असते, तिचं श्रेय अनेक जाणकार याच गुणाला देतात.

आपल्याकडे सणाआधी भिंतींना सफेदी करण्याची रीत कालपरवापर्यंत घरोघर होती, आणि गडकिल्ल्यांवर चुना मळायच्या दगडी घाण्या अजून दिसतात. त्या पिढीतल्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चुना लावण्याआधी भिंत पाण्याने भिजवायची. कारण चुन्याचं दगडात रूपांतर पाण्याच्या सोबतीनेच होतं. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो आणि मग चुन्याला भेटतो. कोरड्या तहानलेल्या दगडाने ते पाणी आधीच ओढून घेतलं, तर चुना भुकटीच राहतो आणि टेकलं की कपड्यांना लागतो. म्हणून दगड ओला, चुना पातळ, हात तीन-चार. आणि हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. कारण पानाला बोटभर लागणारा हा चुना डोळ्यात गेला तर भाजतो.

चुन्याची एक मर्यादा आहे. त्याला तोंड उघडलेला, पाणी पिणारा दगड लागतो. गुळगुळीत ग्रॅनाइटवर किंवा सीलर मारलेल्या भिंतीवर तो धरत नाही.

सिलिका असलेल्या दगडांसाठी दुसरा मार्ग निघाला तो बव्हेरियात. वॉटरग्लास, म्हणजे पाण्यात विरघळणारी काच, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान नेपोमुक फॉन फुक्स यांनी अभ्यासली होती. पुढे आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी पोटॅशियम सिलिकेटचा हा द्रव आणि खनिज रंग यांची जोडी जमवली आणि १८७८ मध्ये पेटंट घेतलं. हा रंग भिंतीत मुरतो, तिच्यातल्या खनिजांशी संयोग करतो आणि तिच्याशी एकजीव होतो. स्वित्झर्लंडमधल्या श्वित्स गावच्या टाउन हॉलची दर्शनी भिंत १८९१ मध्ये अशा रंगांनी चितारली गेली. आल्प्सच्या थंडी-पावसात ती चित्रं आजही बघायला मिळतात.

श्वास कोंडला की

दुकानात सहज मिळतो तो ॲक्रिलिक रंग. त्यात प्लॅस्टिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि सलग पडदा तयार होतो. कोरड्या, स्वच्छ, घरातल्या दगडावर हा पडदा चांगली वर्षं काढतो, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेतल्या बहुतेक रंगवलेल्या फायरप्लेस याच रंगाच्या आहेत.

अडचण येते ती ओलीमुळे. फायरप्लेसचं धुराडं छपराबाहेर उघडं असतं. वरची फट भरलेली नसली की पावसाचं पाणी दगडात आणि दरजांमध्ये उतरतं. दरजांतल्या मसाल्यातले क्षार त्यात विरघळतात. उघड्या दगडावर हे पाणी उडून जातं आणि वर पांढरी पूड राहते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. तो झटकता येतो. पण वर प्लॅस्टिकचा पडदा असेल तर पाणी त्याच्यामागे अडतं, क्षाराचे स्फटिक आतच वाढतात आणि वाढता वाढता रंगालाच काय, दगडाच्या वरच्या थरालाही ढकलून सोडवतात. रंगाचे पापुद्रे निघतात तेव्हा रंगाला नावं ठेवली जातात. खरा गुन्हेगार छपरावर असतो.

आगीजवळचा दगड

एवढी भव्य दगडी भिंत, पण आग ज्या खणात पेटते तिथे आत पाहा. तिथे दगड नसतो, अग्निरोधक विटा असतात. कारण गारगोटीचं खनिज, म्हणजे क्वार्ट्झ, ५७३ अंश सेल्सियसला एकाएकी आपली रचना बदलतं आणि फुगतं. ग्रॅनाइटमध्ये आणि वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असतं. त्यांना आगीत बसवलं तर तडे जातात. गोट्याच्या आत पाणी अडकलं असेल तर वाफेच्या दाबाने तो फुटूही शकतो.

आगीच्या जवळचे काही दगड लालसर झालेले दिसतात, तीही काजळीची करामत नव्हे. पिवळ्या दगडातलं पाणी धरून ठेवणारं लोहाचं संयुग तापलं की पाणी सोडतं आणि लाल हेमॅटाइट बनतं. पुरातत्त्वज्ञ याच लालीवरून हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीची जागा ओळखतात. फायरप्लेसवरची ती लाली पुसून जाणार नाही. तो डाग नसून त्या घरातल्या आगीचा इतिहास आहे.

या आतल्या खणाला साधा रंग चालत नाही. त्यासाठी सिलिकॉन रेझिनचे रंग असतात. त्यातले काही सुमारे ६५० अंशांपर्यंत टिकतात. त्यांचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांचा, जो कार्बनच्या बंधांहून बळकट असतो. पहिल्या काही आगींत रंगातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिकाचं जाळं मागे राहतं. म्हणजे हा रंग पक्का करण्याचं काम खुद्द आग करते! तेव्हा पहिली आग लहान ठेवायची आणि खिडक्या उघड्या.

पांढरी भिंत जास्त ऊब देते का?

हा प्रश्न जुना आहे. बेंजामिन थॉम्प्सन, मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, पुढे बव्हेरियात काउंट रम्फर्ड झालेला विलक्षण माणूस. १७९६ मध्ये त्याने फायरप्लेसवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, खोली ऊबदार होते ती किरणांनी. म्हणून खण उथळ करा, दोन्ही बाजू तिरक्या करा, धुराचा गळा अरुंद करा आणि त्या बाजूंना चुन्याची सफेदी करा, म्हणजे उष्णता खोलीत परतेल. लंडनमध्ये शेकडो फायरप्लेस अशा बदलल्या गेल्या. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीतल्या नायिकेला भव्य जुन्या फायरप्लेसच्या जागी रम्फर्ड बघून हिरमुसायला होतं, इतकी ती रूढ झाली होती.

तिरक्या बाजूंबद्दल रम्फर्डचं बरोबर होतं. पांढऱ्याबद्दल मात्र काही अंशीच. १८०४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने गरम पाण्याने भरलेला धातूचा ठोकळा घेतला. त्याची एक बाजू काजळीने काळी केलेली, एकीवर पांढरा कागद, एक चकचकीत धातूची. हात लावून नव्हे, दुरून उष्णता मोजली. काळी बाजू आणि पांढरा कागद जवळपास सारखीच उष्णता फेकत होते. चकचकीत बाजू मात्र फारच कमी. कारण अशी उष्णता आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी जाते, आणि तिथे आपल्या डोळ्यांचा काळा-पांढरा भेद जवळजवळ लोपतो. म्हणून तापलेली दगडी भिंत पांढरी केली काय नि काळी ठेवली काय, तिची ऊब तेवढीच. धातूची चमक असलेला रंग तेवढा टाळावा. पांढऱ्याने खोली उजळते, कारण तो दिसणारा प्रकाश परतवतो. तेवढा हेतू असेल तर तो नक्की साधतो.

राहता राहिला मुद्दा, दगड रंगवणं हा त्याच्यावर अन्याय आहे का? व्हिक्टोरियन इंग्लंडने हा संकोच कधीच सोडला होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज मॅग्नस यांची एनॅमल केलेली स्लेट मांडली होती. साध्या काळ्या पाटीच्या दगडावर रंग चढवून, भट्टीत भाजून त्याला संगमरवराचं रूप द्यायचं, असं ते काम. महाग दगड परवडत नाही म्हणून स्वस्त दगडाला त्याचं सोंग! अशा फायरप्लेस पुढे हजारो घरांत बसल्या.

तेव्हा रंगवायला हरकत नाही. फक्त क्रम पाळा. आधी धुराड्यातली गळती बंद करा. भिंतीवर आधीचा रंग असेल आणि घर १९७८ च्या आधीचं असेल, तर त्यात शिसं आहे का हे तपासून घेतल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती त्या साली. मग पाण्याचा थेंब, व्हिनेगरचा थेंब. दगड पाणी पीत असेल तर चुना किंवा सिलिकेट निवडा. पीत नसेल, किंवा डांबराचे डाग असतील, तर लाखेचा प्रायमर आणि वर ॲक्रिलिक. आतल्या खणाला फक्त उष्णता सोसणारा रंग. चुना पहिल्या काही दिवसांत आवडला नाही तर बराचसा धुऊन काढता येतो. सच्छिद्र दगडात मुरलेला ॲक्रिलिक पुन्हा पूर्ण निघत नाही. म्हणून खालच्या एका कोपऱ्यात हातभर जागा रंगवा, आठवडाभर थांबा, आणि मगच उरलेल्या भिंतीला हात घाला.